फ्लोरेंतला कोणी खोलीबाहेर काढू नये म्हणून

मी, राइनहिल्डा कोलेता गोरिस, घरात रेना, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, धंदा जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवी गादी आणि नवं कापड चढवण्याचा, राहणार गेल या गावी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. शरीर नाही, पण कायदा शरीराबद्दल विचारत नाही. दुखणं मारण्याचं औषध मी लिहून झाल्यावर घेते, आधी नाही. तेव्हा कुठे अक्षर वाकडं गेलं असेल तर ते वेदनेमुळे गेलं आहे, गुंगीमुळे नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची काही गरज नाही, असं नोटरी सेगर्सबाई म्हणाल्या. त्या माझ्या भावाला ओळखत नाहीत.

मी हे रागात लिहीत आहे. राग आलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं का, हे मी सेगर्सबाईंना आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "चालतं. न चाललं असतं तर माझं दुकान बंद पडलं असतं."

या कागदाचा हेतू एकच. माझ्यामागे श्री. फ्लोरेंत हुल्स्टार्त यांना या घरातून, किंवा या घरातल्या कुठल्याही खोलीतून, कोणी बाहेर काढू नये. पुढची सगळी वाटणी त्या एका गोष्टीसाठी आहे. ज्यांना स्वतःचं नाव कुठे आहे एवढंच बघायचं असेल त्यांनी शेवटून वाचावं.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या आईनेही केलं नव्हतं, तिला गरज वाटली नाही. मनाचा आजार असलेली माणसं गावातल्या मनोरुग्ण केंद्राकडून आमच्या घरांमध्ये राहायला येतात, त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. घर मुलांकडे गेलं की पाहुणाही मुलांकडे जातो. हे कोणी लिहून ठेवत नाही, कपाट कुठे ठेवायचं हे जसं कोणी लिहून ठेवत नाही तसंच. आजीचा पाहुणा आईकडे आला, तो आमच्या पंगतीत बसून म्हातारा होऊन गेला. आईचा पाहुणा माझ्याकडे आला. ते फ्लोरेंत.

मला मूल नाही. भावाला आणि बहिणीला आहेत, पण त्यांच्या नव्या घरांमध्ये पाहुण्याची खोली नाही. सिनेमा बघायची खोली आहे. परदेशातून कोणी आमच्या गावावर लिहायला आलं की भाऊ त्यांना अर्धा दिवस गाडीतून फिरवतो, मनोरुग्णांची कैवारी मानलेल्या दिम्फना संतिणीचं चर्च दाखवतो, "आमच्या रक्तातच आहे हो हे" म्हणतो. मग संध्याकाळी मला फोन करतो, "त्या म्हाताऱ्याचं काय ठरवलंस?"

मी सेगर्सबाईंना विचारलं, "माणूस वारशात देता येतो का?"

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाही. पण घर देता येतं, आणि घरात राहण्याचा हक्क देता येतो."

म्हणून तसं करत आहे.

कलम २. फ्लोरेंत यांच्या आजाराबद्दल. मृत्युपत्रात हे कशाला, असं कोणी विचारेल. कारण उद्या हा कागद कोर्टात गेला तर तिथे कोणी अडाणीपणाने बोलू नये.

ते माझ्या अकराव्या वर्षी आमच्याकडे आले. त्याआधी रेल्वेत तिकीट तपासनीस होते. एकदा डब्यात एका बाईंनी त्यांना बघून रुमाल नाकाला लावला. सर्दी असेल, कांदा असेल, रडू आलं असेल. त्या दिवसापासून फ्लोरेंत यांची खात्री झाली की आपल्या अंगाला घाण वास येतो. पुढच्या डब्यात कोणी खिडकी उघडली, त्यांच्यामुळे. कोणी जागा बदलली, त्यांच्यामुळे. ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि चांगले दात उपटून घेतले. मग नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली, मग पोटाचे डॉक्टर. मनाच्या डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी पोचले, तेही शेजाऱ्यांनी नेलं म्हणून. त्यांच्या दृष्टीने मनाला काही झालेलंच नव्हतं.

याला भ्रमविकार म्हणतात. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की माणूस हवेत बोलत असेल, भिंतीत माणसं बघत असेल. तसं काही नाही. फ्लोरेंत रोज वर्तमानपत्र वाचतात, मत द्यायला जातात, पत्त्यांमध्ये मला हरवतात. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता हे त्यांना अजून पाठ आहे, आणि वेळापत्रक बदललं की रेल्वेला शिव्या घालतात. सगळं लाकूड शाबूत, एकच खिळा आत ठोकलेला. मी आयुष्यभर खुर्च्यांमधून खिळे काढत आले आहे. जोर लावून उपटला तर खिळा निघत नाही, चौकट फुटते.

गोळ्यांनी ती खात्री गेली नाही. तिचा आवाज कमी झाला, इतका की ते जेवू शकतात, झोपू शकतात, बागेत कोबी लावू शकतात. केंद्रातली नर्स आईला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाई, वाद घालू नका. पुरावा दाखवला तर तो पुराव्यालाही त्या कटात घेईल. आणि त्याच्या हो ला हो पण करू नका. त्याला त्रास होतोय हे मात्र खरं आहे, तेवढं माना."

आईने (कोलेता हे तिचंच नाव, मला मधलं म्हणून मिळालेलं) ते बरोबर उचललं. फ्लोरेंत म्हणायचे, "कोलेताबाई, आज फार येतोय का हो?" आई म्हणायची, "आज तुमचा जीव वर-खाली झालाय, एवढं दिसतंय. हे वाटाणे सोला बघू माझ्याबरोबर." एवढंच. खिडकी उघडायची असली तर आम्ही पोरं आधी ओरडायचो, "दूध करपलंय, खिडकी उघडते!" नाक कोणी कारणाशिवाय ओढायचं नाही. सर्दी झाली की जेवायला बसतानाच जाहीर करायची. बाहेरचं कोणी आलं की त्यांना दारातच सांगायचं. आम्हाला ते कधी जड गेलं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी दोन जिने होते आणि त्यांच्या पाहुण्याला एकच चालायचा. प्रत्येक घरात काहीतरी असायचंच.

कलम ३. माझा भाऊ बावो गोरिस, राहणार अँटवर्प, याला मी काहीही देत नाही. घरातला त्याचा हिस्सा मी आई गेल्यावर चुकता केला आहे, पावती सेगर्सबाईंकडे आहे. भावंडांचा माझ्या मालमत्तेवर हक्क चालत नाही, हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, ऐकायला बरं वाटत होतं.

कारण पुढीलप्रमाणे.

आईला पुरून आल्यावर चर्चच्या मागच्या सभागृहात नेहमीसारखं कॉफीपान होतं. पाव, हॅम, चीज, नातेवाईक. फ्लोरेंत दाराजवळ उभे होते, एकटे, पण आत होते. आईसाठी आत आले होते. बावोने कपावर चमचा वाजवला.

"मंडळी, दोन मिनिटं. फ्लोरेंतकाका, इकडे या. आज आईच्या साक्षीने हे प्रकरण आपण कायमचं मिटवू."

बावो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला वाटतं की नमुने घेतले, तक्ता भरला, की माणूस बरा होतो. त्याने फ्लोरेंत यांना सभागृहाच्या मधोमध उभं केलं आणि सगळ्यांना रांगेत लावलं. एकेकाने जवळ जायचं, वास घ्यायचा, आणि मोठ्याने खरं सांगायचं.

आणि लोक गेले! गेलचे लोक, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहुणे राहिले, ते हातात कप घेऊन रांगेत उभे राहिले. कोणी मान वाकवून हुंगलं, कोणी कॉलरपाशी नाक नेलं.

"काही नाही हो, काका!"

"साबणाचा येतोय, चांगला साबण आहे."

एक मामा म्हणाला, "मला तर हॅमचाच येतोय, पण तो माझ्या मिशीचा असेल." सगळे हसले. मी तोवर आईच्या मैत्रिणींना निरोप देऊन बाहेरून आत येत होते. मी ओरडले, "बावो, थांबव!" तो म्हणाला, "रेना, दोनच राहिलेत."

फ्लोरेंत प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होते. टोपी छातीशी धरून, जसं तिकीट तपासताना म्हणत असतील तसं.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, "रेना, एवढ्या सगळ्यांना आधी गाठून समजावून ठेवायला बावोला किती फिरावं लागलं असेल. आईचं दुःख असताना. इतका येत असेल असं मला वाटलं नव्हतं. नाहीतर त्याने एवढी मोठी बैठक घेतली नसती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात दार लावून घेतलं आणि फरशी घासायच्या ब्रशने आणि फरशी धुवायच्याच औषधाने अंग घासलं. मी दार तोडलं. पाठीचं कातडं भरायला पूर्ण उन्हाळा गेला. गोळी वाढवावी लागली, त्यांचे हात थरथरायला लागले, पत्ते धरता येईनात. आईने मिळवलेलं सगळं बावोने एका कॉफीच्या कपात संपवलं.

मी इस्पितळातून त्याला फोन केला. तो म्हणाला, "पण सगळ्यांनी खरंच सांगितलं ना? खऱ्याने कोणाचं वाईट कसं होईल?"

मी म्हटलं, "तू त्याच घरात वाढलास, बावो. त्याच टेबलावर वाटाणे सोललेस."

"तेच तर! तुम्ही सगळे इतकी वर्षं कुरवाळत बसलात म्हणून तो बरा झाला नाही. मला एवढंच सांग, माझा नमुना कमी पडला का?"

बावो, तुझा नमुना पुरेसा होता. तक्ताही बरोबर होता. तू फक्त भर सभेत लोकांना एक माणूस हुंगायला लावलंस.

कलम ४. माझी बहीण ओडा, हिचं टर्नहाउटला सुगंधी वस्तूंचं दुकान आहे. ती वाईट नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तिने बावोच्या अगदी उलट केलं. एका नाताळात तिने फ्लोरेंत यांच्यासाठी महागाची बाटली आणली.

"काका, हे अंघोळीनंतर लावायचं. हे लावलं ना की अजिबात येणार नाही बघा."

फ्लोरेंत म्हणाले, "म्हणजे आत्ता येतो."

"नाही हो, तसं नाही, म्हणजे... कोणालाही थोडा येतोच ना."

त्या दिवसापासून ते म्हणतात, "या कुटुंबात ओडा एकटीच खरं बोलते." ओडाला ही स्तुती वाटते. तिने ती दुकानात लोकांना सांगितलीही आहे. आईने आणि मी जे कधी उच्चारलं नाही ते ती हसत-हसत, रंगीत कागदात गुंडाळून देऊन गेली. आता दर सणाला बाटली येते आणि फ्लोरेंत ती दोन दिवसांत संपवतात. मग खरंच दरवाजापर्यंत वास येतो, पण तो ओडाच्या दुकानाचा.

ओडाला मी आईची गळ्यातली साखळी आणि काचेच्या वाट्यांचा संच देते. त्यासोबत तिच्या न फोडलेल्या बाटल्या परत देते. त्या जिन्याखाली आहेत.

कलम ५. राहतं घर, मागची बाग आणि कामाची शेड मी विविना क्लास या बाईंना देते. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. मंगळवारच्या बाजारात त्यांची माशांची गाडी असते. माझं डोकं फिरल्याचा पुरावा म्हणून बावो नेमकं हेच कलम पुढे करील, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

पाठ भरून आल्यावरही फ्लोरेंत बाजारात यायचे नाहीत. चौकाच्या टोकाला उभे राहायचे, मी सामान घेऊन यायची. एकदा माशांच्या गाडीची पुढची फळी निसटली, बर्फ आणि हेरिंग सगळं रस्त्यावर. मी धावले, माझ्यामागे फ्लोरेंतही धावले, विसरून. दोघं गुडघ्यावर बसून मासे गोळा करत होतो. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण माणसांत आहोत. ते उठून लांब जायला लागले.

विविनाबाई ओरडल्या, "अहो फ्लोरेंतराव! आता कुठे निघालात? हेरिंग चावलं काय?"

"बाई, गिऱ्हाइकांना त्रास नको."

"कसला त्रास?"

ते पुटपुटले, "माझा. वास."

मला वाटलं, आता ही म्हणणार, छे, कुठे येतोय. किंवा म्हणणार, थोडासाच. विविनाबाईंनी हातातलं मासळीचं पाणी झटकलं.

"मला नका विचारू बाबा. माझं नाक लग्नाच्या आधीच मेलंय. माझा नवरा म्हणायचा, तू मेल्यावर पुरायला नको, बर्फात ठेवू. कोणाला कसला येतो ते मला कळत नाही आणि इथे उभं राहून दुसऱ्या कोणालाही कळायचं नाही. ती टोपली धरा जरा, पाठ गेली माझी."

फ्लोरेंत यांनी टोपली धरली. बाजार संपेपर्यंत धरली. गिऱ्हाइकं येत होती, नाकं मुरडत होती, आणि ते पहिल्यांदाच शांत उभे होते, कारण तिथे नाक मुरडायला दुसरं कारण होतं. तेव्हापासून दर मंगळवारी जातात. तोंडी हिशोब तेच करतात. रविवारी विविनाबाई आमच्याकडे जेवायला येतात, पत्त्यांत लबाडी करतात आणि पकडल्या गेल्या की फ्लोरेंत यांच्यावर ढकलतात.

माझा आजार मोठा आहे हे कळल्यावर मी त्यांना घर घ्याल का म्हणून विचारलं. त्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

"घर घेऊन मी काय करू? अंघोळीच्या टबात कॉड मासे सोडू?"

"घर एकटं नाहीये, विविनाबाई."

"ते कळलं मला. मूर्ख नाही मी." मग मान चोळत म्हणाल्या, "मला तुझ्या आईसारखं नाही जमणार. ती हळू बोलायची. मी बोंबलते."

"तुम्हाला खोटं बोलायला लागत नाही. आम्हाला तोंड बंद ठेवायला लागायचं."

"हां, ते खरं. नाक मेलेली बाई शोधायला तुला माझ्यापर्यंत यावं लागलं होय?" असं म्हणून त्या रडल्या, आणि रडताना मला शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

केंद्राची माणसं येऊन विविनाबाईंशी बोलली, घर बघून गेली, आणि त्यांनी लेखी संमती दिली आहे. तीही सोबत जोडते. परक्या माणसाला घर दिलं की सरकार भला मोठा कर घेतं. माझी बँकेतली सगळी शिल्लक त्या करासाठी विविनाबाईंना द्यावी. उरली तर छप्पर गळतंय, ते करावं.

कलम ६. तळमजल्यावरची बागेकडची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाग यांत राहण्याचा आणि वावरण्याचा हक्क श्री. फ्लोरेंत हुल्स्टार्त यांना ते हयात असेपर्यंत राहील. घर विकलं, गहाण टाकलं, पडलं, काहीही झालं तरी हक्क राहील. केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांच्या भल्यासाठी कधी दुसरीकडे ठेवायचं ठरवलं तर ते वेगळं, पण परत यायला खोली मोकळी असावी. फ्लोरेंत यांना ठेवण्यासाठी बावोने एक नवी, चकचकीत संस्था निवडून ठेवली आहे, ती मी जाऊन पाहिली. माणसं चांगली आहेत, माझी तक्रार नाही. पण चाळीस जणांचं एकत्र जेवणघर, आणि खिडक्या आपोआप उघडणाऱ्या. फ्लोरेंत तिथे पहिल्याच दिवशी ताट घेऊन जिन्यात जाऊन बसतील, आणि मरेपर्यंत जिन्यात बसून जेवतील.

माझी अवजारं, म्हणजे हातोड्या, वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, खिळे उपटायचा पंजा, हे सगळं फ्लोरेंत यांचं. जुनी खुर्ची उघडून आतला काथ्या आणि घोड्याचे केस वेगळे करणं ते माझ्यापेक्षा नीट करतात. शेडमध्ये बेकरीवाल्यांची आरामखुर्ची अर्धी उघडलेली आहे. ती त्यांना पुरी करू द्यावी. घाई करू नये.

कलम ७. माझ्या अंत्यविधीनंतर सभागृहात कॉफीपान करायचं नाही. चौकात, उघड्यावर, विविनाबाईंच्या गाडीपाशी तळलेले मासे द्यावेत. ज्यांना उभं राहायचा कंटाळा आहे त्यांनी येऊ नये. भाषण कोणी करायचं नाही. कपावर चमचा वाजवणाऱ्याला मासा देऊ नये.

कलम ८. बावो हे मृत्युपत्र कोर्टात नेईल, असं तो मला तोंडावर म्हणाला आहे. गेल्या आठवड्यात इथे उभा राहून म्हणाला, रुमाल नाकाला लावून.

"तू एकाच गोष्टीने पछाडली आहेस, रेना. त्याला घराबाहेर काढतील, तो जिन्यात बसेल. हीही एक प्रकारची भ्रमाचीच खात्री. तू त्याच्यासोबत राहून राहून त्याच्यासारखी झालीस."

मी विचार केला. राग बाजूला ठेवून खरंच केला, रात्रभर नाही, पण दुपारभर. एखाद्या गोष्टीबद्दल ठाम असणं आणि भ्रमात असणं, फरक कशात आहे? मला फरक सापडला. फ्लोरेंत यांना शंभर लोकांनी सांगितलं तरी त्यांची खात्री हलत नाही, आणि ती हलत नाही यात त्यांचा दोष नाही, तोच तर आजार आहे. माझी हलू शकते. बावोने एक रविवार फ्लोरेंत यांच्यासोबत वाटाणे सोलत काढावा, एक अक्षर न समजावता. ते जमलं तर मी हा कागद फाडायला तयार आहे. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मला रविवारी वेळ नसतो."

तेव्हा बावो, तू कोर्टात जा. तिथे शपथेवर सांग की तू एका आजारी माणसाला मधोमध उभं करून मामाला त्याच्या कॉलरचा वास घ्यायला लावलास. रांगेत कोण कोण होतं त्यांनाही बोलव. मी तेव्हा नसेन, पण विविनाबाई असतील, आणि त्यांचा आवाज तू ऐकला आहेस.

कलम ९. हे कलम कायद्याचं नाही. सेगर्सबाई म्हणाल्या, लिहा, कागद तुमचा आहे.

माझा आजार छातीच्या गाठीचा, कर्करोगाचा आहे आणि आता तो बाहेर फुटला आहे. जखमेला वास येतो. खरा वास. येणारे लोक नाकाकडे हात नेतात, खिडक्या उघडतात, ओडा येऊन मेणबत्त्या पेटवते आणि फवारे मारते. नर्स गोदेलिंद जखमेवर कोळशाची पट्टी लावते, तिने थोडा कमी होतो. आणि फ्लोरेंत, ज्यांना मी काका म्हणते, ज्यांनी मला सायकल शिकवली, ते हे सगळं बघतात, आणि त्यांना वाटतं की हे सगळं त्यांच्यामुळे होतंय. माझ्या खोलीत लोकांचे चेहरे असे होतात ते त्यांच्यामुळे. म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्या दाराबाहेर मांडली आहे. दिवसातून कितीदा शर्ट बदलतात. रोज सकाळी पलीकडून विचारतात, "रेना, त्रास होतोय का? मी अजून मागे सरकू का?"

इतकी वर्षं खोटा असलेला वास शेवटी खरा व्हायचा होता, तर तो माझ्याच अंगात आणि त्यांच्यासमोर व्हायचा होता? कोणावर ओरडू मी? देवावर ओरडले, त्याला सवय आहे.

आज दुपारी साक्षीदार आले; हे पुढचं ते सहीसाठी थांबले असताना लिहिते आहे. विविनाबाईंना साक्षीदार होता येत नाही, घर त्यांना मिळतंय, म्हणून त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. मी हाक मारली, "काका, आत या. तुम्हाला वाचून दाखवायचंय."

"इथून ऐकू येतं, रेना."

"आत या म्हणते ना."

"नको. लोक आहेत आत. त्यांना कशाला..."

आईचा आणि नर्सचा सगळा धडा मी त्या क्षणी फेकून दिला. मी ओरडले, "अहो, माझा येतोय! वास माझा आहे! माझं अंग सडतंय, काका, तुमचं नाही, माझं!"

बाहेरून ते म्हणाले, "तू आईसारखीच चांगली आहेस."

गोदेलिंद काही बोलायला तोंड उघडत होती. मी हात वर करून तिला थांबवलं. त्या सभागृहातल्यासारखं मतदान या घरात व्हायचं नाही. मी उशीला टेकून रडत बसले, रागानेच.

मग बाहेरून आवाज आला. "रेना. लोक आत आले की तुला कळतं? चेहऱ्यावरून?"

"कळतं."

"नाकाकडे हात जायच्या आधीच?"

"आधीच."

"आणि मग ते काहीतरी दुसरंच बोलायला लागतात. हवेबद्दल."

"हो. हवेबद्दल. बटाट्याच्या भावाबद्दल."

"आणि तुला काय होतं तेव्हा?"

"राग येतो. तुम्हाला?"

"मला लाज वाटते," ते म्हणाले. "रागाचं कधी सुचलं नव्हतं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, आणखी मागे गेले. पण ते खुर्ची दोन्ही हातांत उचलून दारात उभे होते. आत बघत होते, माझ्याकडे, साक्षीदारांकडे नाही.

"मग दोघांचाही येत असेल," ते म्हणाले, आणि खुर्ची आत आणून माझ्या पलंगाला लावून बसले. "वाच आता."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. कायद्याला हस्तलिखित मृत्युपत्रावर साक्षीदार लागत नाहीत. मला हवे होते.

सही: राइनहिल्डा कोलेता गोरिस

साक्षीदार:
१. गोदेलिंद राव्हेट्स, घरी येणारी नर्स. (सही)
२. आमांद व्हर्लिंडन, शेजारी, निवृत्त पोस्टमन. (सही)

सह्या होताना खोलीत हजर: फ्लोरेंत हुल्स्टार्त.

गेल, दि. १४ नोव्हेंबर २०१८